एकवीस अपेक्षितच्या बाहेरचा प्रश्न



आजचा विषय पाहून काही जण म्हणतील, बाईंना या वयात हे काय सुचलं! विषय आहे विजेचं रूप बदलणारी यंत्रं, म्हणजे कन्व्हर्टर, आणि त्यांना ताब्यात ठेवण्याच्या पद्धती. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, गणिताचे सर रजेवर असले की त्रैराशिकाचा तासही घेतला. या विषयातलं जे काही मला कळतं ते माझ्या भाच्यामुळे. तो याच क्षेत्रात काम करतो आणि मावशीच्या प्रश्नांना कंटाळत नाही, हा त्याचा मोठाच गुण.

पण हा लेख नुसता माहितीसाठी नाही, मत मांडण्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. आपण मुलांना जसं अपेक्षित प्रश्नांपुरतं तयार करतो, तसंच बरीच वर्षं यंत्रांनाही करत आलो. तेवढ्यावर बरंचसं निभावलं. पण आता गच्चीगच्चीवर आणि शेताशेतात वीज तयार व्हायला लागली आहे, तिथे हे पुरणार नाही. आणि पुरणार नाही हे फक्त इंजिनिअर लोकांना माहीत असून भागणार नाही, तुम्हाआम्हालाही कळायला हवं.

आधी हे यंत्र म्हणजे काय ते बघू. मोबाईलचा चार्जर, एलईडी दिवा, इंडक्शनची शेगडी, घरचा इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, मेट्रोचा डबा, ई-रिक्षा. या सगळ्यांच्या पोटात एक कन्व्हर्टर बसलेला असतो. येणारी वीज एका प्रकारची आणि लागणारी वीज दुसऱ्या प्रकारची, त्यांची सांगड घालणं हे त्याचं काम. जुन्या पंख्याचा तो मोठा रेग्युलेटर आठवतो का? पंखा हळू केला की तो चांगलाच तापायचा. नको असलेली वीज तो चक्क उष्णता करून उधळायचा. आजचे कन्व्हर्टर तसं करत नाहीत. त्यांच्या आतल्या स्विचला दोनच अवस्था ठाऊक, पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. मधलं काही नाही. हा स्विच सेकंदाला हजारो वेळा, लहान यंत्रांत लाखो वेळा उघडझाप करतो आणि त्यातला किती वेळ चालू राहायचं यावरून बाहेर किती व्होल्टेज मिळणार ते ठरतं. वीज वाया जाते ती फारच थोडी.

इथपर्यंत सोपं आहे. आता गंमत बघा. व्होल्टेज वाढवून देणारा एक साधा कन्व्हर्टर असतो, त्याला बूस्ट म्हणतात. स्विच चालू असताना बॅटरीची वीज तारेच्या वेटोळ्यात म्हणजे कॉईलमध्ये साठते, स्विच बंद झाला की ती साठवण बॅटरीच्या जोडीला येऊन पुढे ढकलली जाते. बॅटरी १२ व्होल्टची आहे असं धरू. स्विच निम्मा वेळ चालू ठेवला तर बाहेर २४ व्होल्ट मिळतात. मग पाऊण वेळ चालू ठेवला तर किती? आपलं त्रैराशिक सांगतं ३६. खरं उत्तर आहे ४८. आणि शंभरातले नव्वद भाग चालू ठेवला तर? हिशेबाने १२०! बरं, मग कायमच चालू ठेवला तर अनंत मिळायला हवं. मिळतं शून्य. कारण स्विच बंदच झाला नाही तर कॉईलमधली वीज पुढे जाणार कधी? उलट सगळं तापून जळायची वेळ येते. प्रत्यक्षातल्या कॉईलला स्वतःचा थोडा विरोध असतोच, त्यामुळे एका मर्यादेनंतर स्विचची वेळ वाढवली तर व्होल्टेज वाढण्याऐवजी घसरायला लागतं.

म्हणजे एकाच यंत्रात कधी थोडं दिलं तर थोडं मिळतं, कधी थोडं दिलं तर भरपूर मिळतं आणि कधी जास्त दिलं तर कमी मिळतं. याला नॉनलिनिअर म्हणतात, पारिभाषिक मराठीत अरेषीय. मला विचाराल तर साधा शब्द आहे, त्रैराशिकात न बसणारं.

याहून मजेशीर गोष्ट पुढे आहे. समजा बाहेरचं व्होल्टेज जरा कमी पडतंय म्हणून स्विचचा चालू वेळ वाढवला. लगेच काय होतं? व्होल्टेज आणखी खाली जातं! कारण जास्त वेळ चालू म्हणजे तेवढा वेळ पुढचा पुरवठा अडलेला. कॉईलमध्ये जादा साठवण झाल्यावरच ते वर चढतं. हा खेळ सेकंदाच्या अगदी लहान अंशात होतो, पण नियंत्रण करणारा मेंदू उतावळा असेल तर तो या पहिल्या घसरणीला घाबरतो, आणखी जोर लावतो, आणखी घसरण होते, आणि शेवटी सगळंच हेलकावे खायला लागतं. शिक्षकांना हे नवं नाही. घोकंपट्टी सोडवून मुलांना समजून शिकायला लावलं की पहिल्या चाचणीत मार्क उतरतात. त्याच वेळी पालक शाळेत येऊन उभे राहतात!

तिसरी अडचण जोडलेल्या उपकरणांची. जुना पिवळा बल्ब सरळमार्गी होता, व्होल्टेज कमी झालं की तोही कमी वीज घ्यायचा, मंद व्हायचा. आजची उपकरणं तशी नाहीत. लॅपटॉपला ६० वॉट हवेत म्हणजे हवेत. २० व्होल्ट मिळाले तर तो ३ अँपिअर घेईल, १५ व्होल्टच मिळाले तर ४ अँपिअर ओढेल. म्हणजे पुरवठा आधीच दमलेला असताना हा पाहुणा जास्त वाढून मागतो. घरात दुष्काळ पडल्यावर ज्याची भूक वाढते अशा पाहुण्याने घराचं काय होईल ते सांगायला नको.

मग इतकी वर्षं ही यंत्रं नीट चालली कशी? त्यालाही सुंदर उत्तर आहे. पृथ्वी गोल आहे, पण आपल्या शिवारापुरती सपाट धरली तरी कुणाचं काही अडत नाही. जमिनीची मोजणी तशीच होते. तसंच या वाकड्या आलेखाचा एक छोटा तुकडा घेतला तर तो जवळजवळ सरळ दिसतो. यंत्र नेहमी ज्या ठिकाणी चालणार, तेवढ्या भागापुरतं त्रैराशिक लागू धरायचं आणि त्यावर नियंत्रण बेतायचं. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक या संस्थेत मिडलब्रुक आणि स्लोबोदान चूक यांनी १९७६ साली स्विचच्या उघडझापीची सरासरी काढून हा हिशेब कसा मांडायचा ते दाखवलं आणि या शास्त्राला बसकण मिळाली. आज तुमच्या घरातली बहुतेक यंत्रं याच विचारावर चालतात, आणि नीट चालतात. म्हणून या पद्धतीला नावं ठेवायची माझी मुळीच इच्छा नाही.

पण ही पद्धत म्हणजे एकवीस अपेक्षित. आपल्याकडे दहावीला कोण विसरेल ते संच! प्रश्न नेहमीच्या धाटणीचा आला तर विद्यार्थी उत्तम उत्तर लिहितो, पैकीच्या पैकी मिळवतो. प्रश्न जरा फिरवून आला की तोच मुलगा गडबडतो, आणि वाईट म्हणजे त्याला काहीच येत नाही असं न सांगता चुकीचं उत्तर आत्मविश्वासाने लिहून येतो. यंत्राचंही तसंच. ज्या ठिकाणासाठी हिशेब बेतला तिथे ते गुणी. तिथून दूर फेकलं गेलं की त्याचा मेंदू जुनंच उत्तर जोरात देत राहतो.

हे कल्पनेतलं नाही. ९ ऑगस्ट २०१९, शुक्रवार. संध्याकाळी पाचला आठ मिनिटं कमी असताना लंडनच्या उत्तरेला एका विद्युतवाहिनीवर आकाशातली वीज पडली. असं नेहमी होतं आणि संरक्षक यंत्रणेने आपलं काम चोख केलं. पण त्या धक्क्याने व्होल्टेज क्षणभर डचमळलं. हॉर्नसी नावाचा समुद्रातला मोठा पवनचक्की प्रकल्प आहे, त्याची वीज कन्व्हर्टरमधून येते. तिथल्या नियंत्रणाला हा धक्का पचला नाही. हेलकावे शमण्याऐवजी वाढले आणि काही क्षणांत ७३७ मेगावॉट नाहीसे झाले. त्याच सुमारास लिटल बारफर्ड हे गॅसवरचं केंद्रही टप्प्याटप्प्याने बंद पडलं, लहानसहान जागची वीजनिर्मितीही सुटली. वारंवारिता ५० हर्ट्झवरून ४८.८ वर आली आणि उरलेलं वाचवायला यंत्रणेने आपोआप सुमारे ११ लाख ग्राहकांची वीज तोडली. पवनप्रकल्पाचं नियंत्रणाचं सॉफ्टवेअर नंतर बदलावं लागलं.

वीज पाऊण तासाच्या आत परत आली. लोकांचे खरे हाल झाले ते रेल्वेत. एका नव्या धर्तीच्या विजेच्या गाड्या वारंवारिता ४९ च्या खाली जाताच स्वतःला बंद करून उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या गाड्या चालकाला पुन्हा सुरूच करता येईनात. लॅपटॉप घेऊन तंत्रज्ञ येईपर्यंत प्रवासी डब्यात अडकून. गाडी बिघडली नव्हती. तिच्या मेंदूत त्या प्रश्नाचं उत्तर भरलेलं नव्हतं, इतकंच.

त्यानंतर २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालमध्ये दुपारी साडेबारानंतर काही मिनिटांतच दोन्ही देश अंधारात गेले. तिथे व्होल्टेज चढत गेलं आणि एकामागून एक केंद्रं सुटत गेली. कारणं अनेक होती, एकट्या कन्व्हर्टरच्या माथी ते मारणं अन्याय होईल. पण त्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. तिथल्या अनेक सौर आणि पवन प्रकल्पांना व्होल्टेज सांभाळण्याचं काम नियमानेच दिलेलं नव्हतं. म्हणजे यंत्रांना ते जमलं असतं, पण अभ्यासक्रमातच नव्हतं.

आता दुसरा मार्ग काय? पृथ्वी गोल आहे हे मान्य करूनच मोजणी करायची. या विचाराचं मूळ विजेच्या यंत्रांहून जुनं आहे. लियापुनोव्ह नावाचे रशियन गणिती खार्किव्हच्या विद्यापीठात शिकवत असत. १८९२ साली त्यांनी स्थैर्यावर प्रबंध लिहिला. त्यांची कल्पना मला भाच्याने स्वयंपाकघरातच समजावली. कढईत गोटी सोडा. ती कुठूनही सोडली तरी घरंगळत, हेलकावे खात तळाशीच येते, कारण दर फेरीला तिची ऊर्जा थोडी थोडी कमी होते. गोटीचा नेमका मार्ग शोधायची गरजच नाही. ऊर्जा सतत कमी होते एवढं सिद्ध केलं की ती तळाशी येणार हेही सिद्ध झालं. मग कन्व्हर्टरसाठी अशी कढई शोधायची, आणि स्विचची उघडझाप अशी ठरवायची की कुठूनही सुरुवात झाली तरी ती ऊर्जा उतरतच जाईल. ‘नेहमीच्या जागी असेल तर ठीक चालेल’ यापेक्षा ‘या कढईच्या काठापर्यंत कुठेही फेकलं तरी परत येईल’ हे आश्वासन कितीतरी मोठं आहे, नाही का?

दुसरी पद्धत मॉस्कोची. गेल्या शतकाच्या मध्यानंतर येमेल्यानोव्ह, उत्किन वगैरे मंडळींनी ती घडवली, आणि उत्किन यांचा १९७७ सालचा इंग्रजी लेख आल्यावर ती जगभर पसरली. तिला स्लायडिंग मोड म्हणतात. शेताच्या बांधावरून चालणारा माणूस आठवा. डावीकडे कलला की उजवीकडे सावरतो, उजवीकडे कलला की डावीकडे, आणि बांध धरून मुक्कामाला पोचतो. इथेही एक काल्पनिक बांध आखायचा. यंत्र एका बाजूला गेलं की स्विच चालू, दुसऱ्या बाजूला गेलं की बंद. ज्या स्विचला दोनच शब्द येतात त्याला ही भाषा अगदी मानवते. आपल्याकडे आयआयटी मुंबईत या पद्धतीवर चांगलं संशोधन झालं आहे, आणि जानेवारी २०१२ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा मुंबईत भरली होती.

यात एक बारकावा आहे, तो ऐकून मी थक्क झाले. त्या बूस्ट कन्व्हर्टरमध्ये बाहेरच्या व्होल्टेजलाच थेट बांधावर धरायला गेलं तर आतलं सगळं बिनसतं, ते मघाचं आधी उलटं जाणं आड येतं. म्हणून बांध आखतात तो आतल्या कॉईलच्या प्रवाहाचा. प्रवाह जागेवर आला की व्होल्टेज आपसूक मागे येतं. मंडळी, मार्कांच्या मागे लागून मार्क मिळत नाहीत, समज धरली की मार्क आपोआप येतात, हे मी जन्मभर पालकांना सांगत आले. आता माझ्या बाजूने एक यंत्रही उभं आहे!

आणखीही पद्धती आहेत. एकीत तर यंत्र बुद्धिबळाच्या खेळाडूसारखं पुढची खेळी मनात खेळून बघतं. तीन फेजच्या साध्या इन्व्हर्टरमध्ये तीन पाय आणि प्रत्येकाच्या दोन अवस्था, म्हणजे एकूण आठच खेळ्या. दर वेळी आठही तपासायच्या आणि सर्वांत बरी ती खेळायची. पूर्वी हे शक्य नव्हतं, आता स्वस्त चिपलाही तेवढा हिशेब झटपट जमतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तो एकांगीपणा होईल. बांधावरचा माणूस फार सावध असला तर नुसता थरथरत राहतो. स्विचचंही तसंच होतं, उघडझाप वाट्टेल तशी वाढते आणि तो तापतो, म्हणून बांधाला थोडी रुंदी द्यावी लागते. कढईचा पुरावा खरा असतो, पण तो कागदावरच्या कढईचा. प्रत्यक्षातली कॉईल, कपॅसिटर उन्हाने आणि वयाने बदलतात. जास्त मापं घ्यायची तर खर्च वाढतो. आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती करणाऱ्या पोराला जुनी पद्धत समजते, नवी नाही. म्हणून ‘अरेषीय’ असा शिक्का मारला की यंत्र शहाणं झालं असं कुणी समजू नये. साध्या चार्जरला जुनी पद्धत पुरते, तिथे उगाच पांडित्य नको.

पण जिथे जागा सतत बदलते तिथे? सौरपंप घ्या. ढग आला, ढग गेला, पॅनेलची ताकद मिनिटामिनिटाला वेगळी. पॅनेलमधून झेपेल त्याहून जास्त प्रवाह ओढला की त्याचं व्होल्टेज एकदम कोसळतं. लाईनच्या शेवटच्या टोकाचं घर घ्या, डीपीपासून लांब, संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की व्होल्टेज कुठच्या कुठे. अशा ठिकाणी ‘नेहमीची जागा’ असं काही नसतंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवायचं तिचं उद्दिष्ट आहे. म्हणजे एक कोटी इन्व्हर्टर, एकाच जाळ्याला टांगलेले, आणि धक्का बसला की प्रत्येक जण आपापल्या अकलेने वागणार. सगळ्यांनी एकवीस अपेक्षितच पाठ केले असतील तर सगळे एकदमच चुकतील. ही मला खरी काळजी वाटते. शंभर मुलांनी एकच गाईड वाचलं की शंभर उत्तरपत्रिकांत एकच चूक सापडते, हे तपासणाऱ्या शिक्षकाला विचारा.

आपण इन्व्हर्टर घेताना काय विचारतो? किती किलोवॉट, किती किंमत, किती वर्षांची गॅरंटी. वाईट दिवशी हा कसा वागेल, हे कुणी विचारत नाही, आणि सांगतही नाही. मोठ्या सौर-पवन प्रकल्पांनी व्होल्टेज क्षणभर कोसळलं तरी टिकून राहावं अशी अट आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांत आहे, ही समाधानाची गोष्ट. पण छपरावरच्या यंत्राचीही अशी परीक्षा कशी झाली, काय निकाल लागला, हे गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत छापून मिळायला काय हरकत आहे? पदार्थाच्या पाकिटावर साखर किती ते लिहितात, तसं.

आणि शेवटी शाळेचं. सातवी-आठवीच्या मुलाला आपण त्रैराशिक शिकवतो. एका मजुराला दहा दिवस लागतात तर दहा मजुरांना किती? उत्तर एक दिवस. मग शंभर मजूर लावले तर? मूल सांगतं दिवसाचा दहावा भाग. कुणी विचारत नाही की शंभर माणसं त्या खड्ड्यात मावतील का! त्रैराशिक शिकवायलाच हवं, त्याच्यावाचून बाजारहाटही होणार नाही. पण ते कुठे लागू पडत नाही हेही त्याच धड्यात चार ओळींत सांगायला हवं. ते बूस्ट कन्व्हर्टरचे आकडे, २४, ४८ आणि १२०, फळ्यावर लिहायला एक मिनिट लागतं. ज्या मुलाने ते पाहिले, ते मूल पुढे इंजिनिअर होवो की न होवो, ‘दुप्पट केलं म्हणजे दुप्पट मिळेल’ असं सांगणाऱ्याला एकदा तरी थांबवून विचारेल, कुठपर्यंत हो?

तो ‘कुठपर्यंत’ विचारण्याची सवय लागली, यंत्र बनवणाऱ्यांना, विकणाऱ्यांना, नियम करणाऱ्यांना आणि आपल्यालाही, तर निम्मं काम झालं असं मी म्हणेन. उरलेलं निम्मं माझ्या भाच्यासारखी मंडळी करतीलच.

तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर माझं कुठे बरोबर, कुठे कमी ते जरूर कळवा. आणि ज्यांच्या गच्चीवर सोलर आहे त्यांनी आपल्या विक्रेत्याला वाईट दिवसाचा प्रश्न विचारून बघा. काय उत्तर मिळतं ते वाचायला मला आवडेल.

असो. आज इतकंच.